महाविद्यालयाची निवड : अभ्यास आणि अनुभव

परीक्षेचा निकाल लागला कीं घरोघरीं एकच विचार सुरू होतो : आतां पुढें कोणतें महाविद्यालय निवडावें? इमारत, नांवलौकिक, शुल्क, वसतिगृह यांची चौकशी कसोशीनें होते. परंतु तेथें शिकत असतांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव कसा व किती मिळेल, हें फार थोडे लोक विचारतात.

अभ्यास आणि काम यांची सांगड घालणाऱ्या एका पद्धतीस ‘सहकारी शिक्षण’ असें नांव आहे. येथें सहकार म्हणजे पतपेढीचा नव्हे. विद्यालय आणि कारखाना यांनीं मिळून विद्यार्थी घडवावा, हा त्याचा अर्थ. या पद्धतीचे जनक हर्मन श्नायडर हे अमेरिकेंत अध्यापक होते. जे पदवीधर पुढें कर्तबगार ठरले, त्यांतील पुष्कळांनीं शिकतांनाच कोठें तरी काम केलेलें होतें, असें त्यांच्या ध्यानीं आलें. १९०६ सालीं सिनसिनाटी विद्यापीठांत त्यांनीं २७ विद्यार्थी घेऊन प्रयोग आरंभिला. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या. एक जण आठवडाभर वर्गांत असे, तेव्हां त्याचा जोडीदार कारखान्यांत असे, आणि पुढच्या आठवड्यांत दोघांची अदलाबदल होई. कामाचें वेतनहि मिळे. कानडा देशांतील वॉटर्लू विद्यापीठानें १९५७ पासून हीच वाट धरिली. तेथें साधारणतः चार महिने अभ्यास व चार महिने काम, असा क्रम असतो. आपल्या देशांत पिलानीच्या बिट्स संस्थेनें १९७३ सालीं ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केलें. या संस्थेची एक शाखा गोव्यांतहि आहे.

अशा अदलाबदलींत लाभ कोणता? घर्षणाचा नियम वर्गांत पाठ होतो. पण तेलावांचून तापलेलें बेअरिंग ज्यानें स्वतः पाहिलें, त्याला तो नियम पुन्हां पाठ करावा लागत नाहीं. उलट, ज्याला केवळ हातकाम ठाऊक, तो तेल घालील. पण बेअरिंग कां तापलें, हें त्याला सांगतां येणार नाहीं. म्हणून काम करून वर्गांत परत येणें, हाच या पद्धतीचा प्राण होय.

तथापि अनुभवाच्या नांवाखालीं केवळ फुकट राबवून घेणेंहि घडूं शकतें. यास्तव प्रवेशापूर्वीं पालकांनीं चार गोष्टी अवश्य विचाराव्या. पहिली : हें काम अभ्यासक्रमाचा भाग आहे काय, व त्यावर कोणा अध्यापकाची देखरेख असते काय? दुसरी : काम विद्यालय मिळवून देतें, कीं विद्यार्थ्यानेंच शोधावयाचें, आणि न मिळाल्यास पुढें काय? तिसरी : वेतन मिळतें काय, व परगांवीं राहण्याचा खर्च कोणीं सोसावयाचा? चौथी : पदवीस एकंदर किती काळ लागतो? वॉटर्लू येथील अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम कामाच्या सत्रांसह ४ वर्षें ८ महिन्यांचा आहे, हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. छापील माहितीपत्रकावर विसंबून न राहतां, तेथें शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांसही हेंच विचारावें.

मिळणाऱ्या वेतनावर घरखर्चाची सारी मदार मात्र ठेवूं नये. काम मिळणें हें बाजाराच्या तेजीमंदीवरहि अवलंबून असतें. ज्या घरांत थोरल्याच्या शुल्कासाठीं धाकट्या बहिणीचें शिक्षण लांबणीवर पडतें, त्या घराला ही चौकशी टाळणें परवडणारें नाहीं. तसेंच, ज्याचें मन शुद्ध गणितांत किंवा वाङ्मयांत रमतें, त्याला दुसरी वाट अधिक सोयीची ठरेल. त्यांत कमीपणा नाहीं.

मुलांनो, तुम्हांला तयारीचा आरंभ आजच करतां येईल. गांवांतील लोहारशाळा, छापखाना, दवाखाना, जेथें रीघ मिळेल तेथें सुटींत चार दिवस काम पाहा, आणि जें समजलें नाहीं त्याचीं टिपणें करा. त्या टिपणांतील कोडीं जेथें उकलतील आणि नवीं कोडीं जेथें हातीं येतील, तें विद्यालय तुमचें.