आवाजाचे दप्तर

प्रत जतन न झाल्याची किंमत कोल्हापूरला ठाऊक आहे. बाबूराव पेंटर यांचा ‘सैरंध्री’ (१९२०) हा मूकपट आज पाहावयास मिळत नाही. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ साली जाळपोळीत सापडला. त्या काळी चित्रपटाची दुसरी प्रत काढणे ही मोठी खर्चाची बाब होती. आज ध्वनिमुद्रणाची प्रत काही मिनिटांत निघते, तरी हयगय होतेच.

जाहिराती, बोलकी पुस्तके, घंटागाडीवरील सूचना यांना आवाज देणारे स्वतंत्र निवेदक आता घरच्या खोलीतूनही काम करतात. त्यांच्यापाशी दप्तर सांभाळणारा कारकून नसतो. पाणीपट्टीची तारीख बदलली, तेवढे एक वाक्य बदलून द्यावे, असा ग्रामपंचायतीचा निरोप सहा महिन्यांनी येतो. मूळ मुद्रण हाताशी असल्यास काम लवकर उरकते. नसल्यास संपूर्ण निवेदन पुन्हा करावे लागते. कारण खोलीचा नाद आणि मायक्रोफोनपासूनचे अंतर पूर्वीसारखे नेमके जुळत नाही.

यासाठी जावक नोंदवहीची शिस्त उपयोगी पडते. फाइलीच्या नावात प्रथम वर्ष, मग महिना व दिवस, त्यानंतर संस्था, काम आणि आवृत्तीचा क्रमांक असावा. म्हणजे संगणक फाइली आपोआप कालक्रमाने लावतो. ‘अंतिम’ हे नाव टाळावे, त्यामागून ‘अगदी अंतिम’ हमखास येते! प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये संहिता, मूळ मुद्रण, पाठविलेली प्रत, देयक आणि करारपत्र एकत्र ठेवावे. आवाज किती काळ व कोठे वापरावयाचा, हा वाद करारपत्रावाचून मिटत नाही.

मूळ मुद्रण ‘वेव्ह’ स्वरूपातच राखावे. ‘एमपी-३’ करताना ध्वनीचा काही अंश कायमचा गळतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो मुद्रणास तासाला सुमारे ५२० मेगाबाइट जागा लागते. एवढ्यासाठी जुने काम पुसून टाकण्याचे कारण नाही.

प्रती तीन असाव्यात: संगणकावर, वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि घराबाहेर. तिसरीचे महत्त्व कोल्हापूरकरांना सांगावयास नको. ऑगस्ट २०१९ मध्ये व पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले. एकाच टेबलावरील दोन डिस्क अशा वेळी एकदमच भिजतात. तिसरी प्रत पूररेषेबाहेरील नातलगाकडे किंवा क्लाउडवर ठेवता येते. मात्र संगणकाशी सतत जुळवून घेणाऱ्या क्लाउड फोल्डरमधून, येथे पुसलेली फाइल तेथूनही नाहीशी होते. जुन्या आवृत्ती किती दिवस राखल्या जातात, हे आधी पाहून घ्यावे. दर तीन महिन्यांनी एखादी फाइल त्या प्रतीतून उघडून शेवटपर्यंत ऐकावी.