तीन मिनिटांचे गाणे

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेसाठी खानदेशातून पायी निघालेले यात्रेकरू वणीच्या सप्तशृंगगडाकडे येऊ लागले, की वाटेवर देवीची गाणी ऐकू येतात. पुढच्याने ओळ धरावी, मागच्यांनी ती झेलावी, आणि वळण ओलांडताच सारे सूर विरून जावेत. पूर्वी सर्वच गाणे असे होते. गायकाच्या जवळ असेल त्यालाच ते लाभे. इतरांनी केवळ त्याची कीर्ती ऐकावी.

१९०२ साली कलकत्त्यास भारतीय गायकांचे ध्वनिमुद्रण सुरू झाले, आणि ही स्थिती पालटली. पुढे मराठी नाट्यपदे, अभंग व लावण्याही तबकड्यांवर आल्या. पण मासिकांतून छापल्या जाणाऱ्या कविता? रविकिरण मंडळाचे कवी आपल्या कविता सभांतून गाऊन दाखवीत, एवढेच. नाटकातल्या प्रसंगाचा आधार नसलेली, कोणा देवतेची आळवणीही नसलेली, केवळ एका मनाची हुरहूर सांगणारी कविता लोक तबकडीवर ऐकतील काय? ही शंका रास्तच होती.

वऱ्हाडातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही अशीच एक कविता. रानातून येणारी शीळ आणि तिने व्याकूळ झालेले मन, एवढाच तिचा विषय. जी. एन. जोशी या तरुण गायकाला ती फार आवडली. कवी आणि गायक दोघांचाही जन्म १९०९ सालचा. जोशी यांनी कवितेला स्वतःच चाल लावली. शब्द कवीचे, चाल आणि गळा मात्र त्यांचा! १९३२ च्या सुमारास हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीने या गीताची ध्वनिमुद्रिका काढली. त्या वेळी जोशी यांचे वय अवघे बावीस-तेवीस वर्षांचे होते.

त्या काळी ध्वनिमुद्रण म्हणजे परीक्षाच असे. गायकासमोर ध्वनिक्षेपक असे, आणि गाणे चालू असताना एक सुई मेणाच्या फिरत्या तबकडीवर बारीक नागमोडी रेषा कोरीत जाई. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावे. बैठकीत तासभर रंगणाऱ्या गायकाला हे किती कठीण गेले असेल! शेवटच्या ओळीत सूर ढळला, तरी तेवढीच ओळ दुरुस्त करण्याची सोय नव्हती. नवे मेण घेऊन पुन्हा पहिल्यापासून गावे लागे. मग त्या मेणावरून धातूचे साचे होत, आणि साच्यांतून लाखेच्या काळ्या तबकड्या निघत. या तबकड्या हातातून पडल्या की फुटत.

तीन मिनिटांच्या या बंधनाचा भावगीताला मात्र उपयोगच झाला, असे म्हणावे लागेल. लांबलचक ताना घेण्यास वाव नाही, म्हणून प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू यावा आणि सुरांनी त्याला फक्त उजाळा द्यावा, अशी गाण्याची रीत पडली. ‘शीळ’ लोकांना अतिशय आवडली. आज ती मराठीतील पहिली भावगीताची ध्वनिमुद्रिका मानली जाते. फोनोला विजेची गरज नसे. चावी भरली की तबकडी फिरू लागे. त्यामुळे मुंबई-पुण्याची गाणी वणीसारख्या बाजाराच्या गावीही पोहोचू शकत. पुढे गजानन वाटवे यांनी भावगीत जाहीर कार्यक्रमांतून गावोगावी नेले.

कवी देशपांडे मेहकरला वकिली करीत राहिले. ‘शीळ’ याच नावाचा त्यांचा काव्यसंग्रह १९५४ साली, म्हणजे तबकडीनंतर सुमारे बावीस वर्षांनी प्रसिद्ध झाला! लोकांनी कविता आधी ऐकली, आणि पुस्तकात मागाहून वाचली.

जोशी पुढे त्याच कंपनीत अधिकारी झाले. आता ते गाणाऱ्याच्या जागी नव्हते. इतरांचे गाणे टिपून घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९६७ साली त्यांच्या देखरेखीखाली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका तयार झाली. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार यांतून काश्मीरच्या दरीतील एका मेंढपाळाचा दिवस तिच्यात उभा राहतो. तिच्यात शब्द एकही नाही, आणि तीन मिनिटांची अटही तोवर सुटली होती.