ब्रेकचे पॅड झिजल्यावर काय बदलावें?

चंदगडहून तिलारी घाट उतरतांना मोटारीचे ब्रेक वारंवार लावावे लागतात. पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्क नांवाच्या तबकडीस आवळतात. घर्षणानें वेगाची उष्णता होते आणि पॅड झिजतात.

पॅडाचा थर ३ मिलिमीटरपर्यंत उतरला, कीं एकाच आंसावरील दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलावे. एकाच बाजूचे बदलल्यास गाडी तिरकी ओढली जाते. तबकडी मात्र मोजून पाहावी. बहुधा तिच्यावरच किमान जाडी कोरलेली असते. ती त्याहून पुरेशी जाड असून तिच्यावर खोल चरे वा तडे नसल्यास राखावी. एरव्हीं दोन्ही तबकड्या पॅडांबरोबर बदलाव्या.

भयानें सर्वच बदलणें ही उधळपट्टी होय. पण काटकसरीच्या नांवाखालीं झिजलेला भाग राखणें म्हणजे शेजाऱ्याचा जीव पणास लावणें होय. निर्णय मापानें करावा, अंदाजानें नव्हे.