नावाच्या तुकड्यावरून शोध

हजेरीपटातून 'शेख'ने आरंभ होणारी किंवा 'खान'ने संपणारी नावे काढावयास सांगितली, तर चौथीतला मुलगाही ती बिनचूक काढील. वेबपानावर हेच काम जावास्क्रिप्ट भाषेकडून कसे करवून घ्यावे, ते येथे पाहू. आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांतील जी मुले संगणक शिकत आहेत, त्यांना हा पाठ उपयोगी पडावा, अशी आमची इच्छा आहे.

वेबपानावरील ओळ, रकाना, चित्र अशा प्रत्येक घटकाला एक ओळखनाम देता येते. त्यास 'आयडी' म्हणतात. एका पानावर एक आयडी एकाच घटकाचा असावा, असा नियम आहे. पूर्ण आयडी ठाऊक असेल तर 'गेटएलिमेंटबायआयडी' ही आज्ञा तो घटक आणून देते. अर्धे नाव मात्र तिला ओळखता येत नाही.

समजा, धार व देवास येथील विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज एका पानावर आहेत. ओळींचे आयडी 'धार-१', 'धार-२', 'देवास-१' असे आहेत. आयडी देवनागरीत चालतो. त्यात मोकळी जागा तेवढी नसावी. आता तुकड्यावरून शोधण्यासाठी 'क्वेरीसिलेक्टरऑल' ही आज्ञा घ्यावी आणि तिला पुढीलपैकी एक खूण द्यावी :

[आयडी^="धार-"] : आरंभी 'धार-' असलेले
[आयडी$="-१"] : शेवटी '-१' असलेले
[आयडी*="वास"] : कोठेही 'वास' असलेले

(आज्ञा व 'आयडी' हा शब्द प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहावे लागतात, येथे उच्चार दिला आहे.) जुळणारे सर्व घटक पानावरील क्रमाने मिळतात. एकही न जुळल्यास यादी रिकामी येते.

आता सावधगिरी. कोठेही 'धार' शोधा म्हटले, तर त्याच अर्जातील 'आधार-क्रमांक' हा रकानाही सापडेल. आरंभी नुसते 'धार' म्हटले, तर 'धारवाड-१' आणि 'धाराशिव-१' हेही येतील. म्हणून तुकड्यात आडवी रेघ धरावी. आरंभी 'देवास-१' शोधल्यास 'देवास-१०' ते 'देवास-१९' हेही निवडले जातील. त्या सर्वांपुढे यंत्राने 'मंजूर' लिहिले, तर ज्यांना रक्कम मिळणार नाही अशी घरे तिच्या भरवशावर पुस्तके घेऊन बसतील. यंत्राला दोष देऊन त्या घराचे समाधान होणार नाही.

देवासकरांना ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत थोरली पाती व धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थाने याच एका गावी नांदत होती. नुसते 'देवास' म्हटल्याने कोणत्या दरबाराचा कागद ते कळत नसे. पाती सांगावीच लागे.

यास्तव आमचे सांगणे असे की, गाव वारंवार शोधावयाचे असेल तर ते आयडीतून उकरून काढू नये. हजेरीपटात जसा गावाचा निराळा रकाना असतो, तसा प्रत्येक ओळीला 'डेटा-गाव' असा निराळा गुणधर्म द्यावा आणि [डेटा-गाव="धार"] असे पूर्ण शब्दाने शोधावे. मग धारवाड किंवा आधार मध्ये येण्याचे कारण उरत नाही.

अभ्यास : 'देवास-१', 'देवास-१२', 'देवास-२१' यांतून [आयडी$="१"] काय निवडील? उत्तर : पहिली व तिसरी ओळ. केवळ पहिली हवी असल्यास खूण कशी बदलावी, हे मुलांनी स्वतः करून पाहावे.