माझा शेजारी कोण? (लूक १०:२५-३७)



म्यानमारच्या १९८२ च्या कायद्याने रोहिंग्यांना नागरिकत्व नाकारले. ऑगस्ट २०१७ नंतर लष्कराच्या अत्याचारांमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्यांनी बांगलादेशात आसरा घेतला. तेथे कारितासने त्यांना अन्न व निवारा दिला. पण त्यांच्या देशातील सरकारला त्यांचे नावही मान्य नव्हते. १ डिसेंबर २०१७ रोजी पोप फ्रान्सिस ढाक्यात त्यांच्यातील सोळा जणांना भेटले, छळ करणाऱ्यांच्या वतीने क्षमा मागितली आणि ‘रोहिंग्या’ हे नाव जाहीरपणे उच्चारले.

रोहिंग्या बहुतांशी मुस्लिम आहेत. शोमरोन्याने जखमी माणसाचा धर्म विचारला नाही. त्याने जखमा बांधल्या आणि उतारशाळेच्या मालकाकडे त्याच्यासाठी शब्दही टाकला. मदतीला या दोन्ही बाजू हव्यात.

चिंतन : आपल्या प्रार्थनेत कोणाचे नाव अजून आलेले नाही?