यादी बदलते तेव्हा माल समुद्रात असतो

शेतमाल परदेशी पाठवायचं ठरलं की आपल्याकडे पहिली चौकशी भावाची होते आणि दुसरी अनुदानाची. समोरच्या देशाच्या बंदरावर आपला माल कोणत्या यादीत आहे, हे विचारणारा क्वचित भेटतो. नवी मुंबईत मी तेलबियांच्या निर्यातीची गुणवत्ता तपासणी आणि कागदपत्रं पाहते. शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, व्यापाऱ्यांची मुलं, नव्याने या धंद्यात उतरलेले पदवीधर माझ्याकडे येतात, तेव्हा मी भावाआधी यादीचं बोलते. ही सवय मला २०२० सालच्या तिळाने लावली. तेव्हा जे सोसावं लागलं ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

आधी यादी म्हणजे काय ते सांगते. युरोपीय संघाचा २०१९/१७९३ क्रमांकाचा नियम १४ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. प्राणिजन्य नसलेलं अन्न आणि पशुखाद्य, म्हणजे धान्य, तेलबिया, भाजीपाला, मसाले, पेंड वगैरे, यांपैकी ज्या देशाच्या ज्या मालात पुन्हा पुन्हा दोष सापडतो, त्याची नोंद या नियमाच्या परिशिष्टांत असते. पहिल्या परिशिष्टातल्या मालाचे ठरावीक टक्के कंटेनर बंदरावर अडवून नमुने काढतात. दुसऱ्या परिशिष्टातल्या मालाला निघतानाच प्रयोगशाळेचा अहवाल आणि सरकारी अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि तरीही तिकडे पुन्हा तपासणी होतेच. याच्यापुढची पायरी म्हणजे थेट प्रवेशबंदी. भुईमूग, तीळ, मिरची, जायफळ, कढीपत्ता, भेंडी, गवार गम ही आपल्या मालाची नावं या ना त्या काळात अशा याद्यांत आलेली आहेत.

ही यादी एकदा पाठ करून भागत नाही. दर सहा महिन्यांत किमान एकदा तिचा आढावा घेतला जातो. बंदरांवर किती नमुने नापास झाले, बाजारातून कोणता माल परत मागवावा लागला, हे पाहून तपासणीचे टक्के वाढतात किंवा उतरतात, नवा माल आत येतो, सुधारलेला बाहेर पडतो. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ संपल्यापासून, म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून, इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सची यादी वेगळी चालते. ती तेच मूळ नियम घेऊन सुरू झाली, पण दुरुस्त्या स्वतंत्र होतात. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र युरोपीय संघाचेच नियम. ‘लंडनला चालतं म्हणजे रॉटरडॅमला चालेल’ हे वाक्य मी आजही ऐकते, आणि ऐकलं की थांबवते.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. मे २०१४ मध्ये युरोपने आपला आंबा, अळू, कारली, पडवळ, वांगी थांबवली होती, ती आठवण आपल्याकडे अजून ताजी आहे. ती बंदी फळमाशी आणि इतर किडींमुळे होती, तिकडच्या शेतीला धोका म्हणून. त्यावर उत्तर फायटोसॅनिटरी, म्हणजे कीडमुक्तीच्या, प्रमाणपत्राचं. मी जे सांगते आहे ते खाणाऱ्याच्या आरोग्याचं आहे: बुरशीचं विष, कीटकनाशकाचे अंश, साल्मोनेला जिवाणू. फायटो हातात आहे म्हणून माल सुरक्षित ठरत नाही.

आता तिळाकडे येते.

भारतीय तिळावर युरोपात साल्मोनेलाची तपासणी आधीपासून होती. साल्मोनेला येतो तो उघड्या खळ्यातून, पाखरांच्या विष्ठेतून, घाणेरड्या पाण्यातून, गोदामातल्या उंदरांमुळे. तो मारायचा सोपा मार्ग म्हणून अनेक जण इथिलीन ऑक्साइडचा वायू देत. बंद खोलीत पोती रचायची, वायू सोडायचा, काम झालं. हाच वायू रुग्णालयाची उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात. तो माणसात कर्करोग घडवतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ सालीच ठरवलेलं आहे, आणि युरोपने अन्नावर त्याचा वापर १९९१ पासून बंद केलेला आहे. अमेरिकेत मात्र मसाल्यांवर आणि तिळावर तो चालतो, तिथे ७ पीपीएमपर्यंत, म्हणजे किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत, अंश मान्य आहे. युरोपची तिळासाठीची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे टनामागे ५० मिलिग्रॅम. दोन गिऱ्हाइकांच्या मर्यादांत १४० पटींचं अंतर आहे, आणि माल बहुतेकदा एकाच गोदामात असतो.

सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतीय तिळात हा अंश सापडल्याची सूचना युरोपभर पाठवली. काही नमुन्यांत तो मर्यादेच्या हजार पटींहून जास्त होता. २२ ऑक्टोबरला नियम दुरुस्त झाला: भारतीय तिळाच्या निम्म्या कंटेनरची तपासणी, शिवाय निघताना अहवाल आणि प्रमाणपत्र. पाव, बिस्किटं, तिळाचं वाटण असा हजारो प्रकारचा माल दुकानांतून परत मागवावा लागला. पुढच्या वर्षी तोच वायू आइस्क्रीम घट्ट करणाऱ्या कॅरोबच्या गोंदात सापडला आणि आइस्क्रीमही परत गेली.

ही बातमी आली तेव्हा आमच्याकडून गेलेला एक कंटेनर न्हावाशेव्याहून निघून समुद्रात होता. तीळ खान्देशातल्या एका शेतकरी गटाचा. या गटाने आमच्या सांगण्यावरून ताडपत्र्यांवर पेंढ्या वाळवल्या होत्या, मळणी स्वच्छ केली होती. आम्ही कुठलाही वायू मागितला नव्हता, दिलाही नव्हता. पण साफसफाईसाठी तो माल ज्या कारखान्यात गेला, तिथे अमेरिकेला जाणाऱ्या मालावर त्याच आवारात वायूची प्रक्रिया होत होती. यंत्रं तीच होती आणि काही पोतीही फिरती. रॉटरडॅमला नमुना काढला आणि तो मर्यादेच्या वर निघाला. खरेदीदाराने त्याच दिवशी हात वर केले.

नापास मालापुढे रस्ते थोडेच असतात: नष्ट करणं, संघाबाहेर पाठवणं, किंवा चालत असेल तर विशेष प्रक्रिया. हे सगळं साठ दिवसांत, आणि तोवरचं बंदरभाडं, कंटेनरभाडं, तपासणीचं शुल्क मालवाल्याच्या डोक्यावर. इथिलीन ऑक्साइडचा अंश धुऊन किंवा हवा देऊन सुटत नाही. त्यातला बराचसा अन्नातल्या क्लोराइडशी मिळून २-क्लोरोइथेनॉल होतो आणि दाण्यात बसतो. युरोपची मर्यादा दोघांची बेरीज धरून मोजतात, म्हणून वायू उडून गेला तरी माल नापासच राहतो. शेवटी तो नष्ट झाला. गटाचे उरलेले पैसे वर्षभर अडकून पडले. ज्यांनी सगळ्यांत स्वच्छ काम केलं होतं, त्यांनाच ते सोसावं लागलं.

गटाच्या अध्यक्षांनी मला विचारलं, “ताई, आम्ही कुठं चुकलो?” ते कुठंच चुकले नव्हते. त्यांच्या मालाचा प्रवास कुठून कुठे झाला, हे त्यांना विचारायचा हक्क आहे, एवढं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून पहिला सल्ला हाच: तुमचा माल ज्या ज्या छपराखालून जाणार आहे, त्या प्रत्येक ठिकाणी आधी जाऊन या. तिथे दुसऱ्या कुणाच्या मालावर वायू देतात का, पोती नवी असतात का, यंत्र कधी धुतात, हे विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. साल्मोनेलासाठी वाफेची प्रक्रिया हा तिळाला खरा पर्याय आहे. ती महाग पडते, दाण्याचा रंग किंचित बदलतो, नंतर नीट वाळवावं लागतं, पण अंश मागे राहत नाही. काही जण विकिरणाचं सुचवतात, कारण वाशीला मसाल्यांचं विकिरण केंद्र आहे. पण युरोपची विकिरणाची सामाईक यादी वाळलेल्या सुगंधी वनस्पती आणि मसाल्यांपुरती आहे, तीळ त्यात नाही. एका धोक्यावरचा उपाय दुसऱ्या यादीत नेऊन घालत असेल, तर तो उपाय घेऊ नका.

भुईमुगाचं दुखणं याहून जुनं आहे. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाच्या आसपास टर्की मेल्या, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष सापडलं. म्हणजे या विषाची ओळखच पशुखाद्याच्या आयातीतून झाली. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बांसवाडा आणि पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं यकृताच्या विकाराने गेली. युरोपात थेट खायच्या शेंगदाण्याला अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे टनात दोन मिलिग्रॅम.

हे विष सगळ्या मालात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे निर्मळ असतात आणि एखाद्या कुजक्या दाण्यात सगळं साठलेलं असतं. म्हणून बंदरावर मोठ्या लॉटमधून शंभर ठिकाणचे नमुने घेऊन वीस किलो माल दळतात. आपल्याकडे एका पोत्यात परखी खुपसून काढलेल्या मूठभर दाण्यांवर ‘पास’ लिहिलेला अहवाल मिळाला, तर त्यावर विसंबू नका. नमुना कुणी काढला, किती ठिकाणांहून, किती किलो, हे अहवालापेक्षा महत्त्वाचं आहे.

आणि शेताकडे पाहा. शेंगा भरताना पाण्याचा ताण पडला की बुरशी जमिनीतच शिरते, त्या वेळी एखादं पाणी देता आलं तर द्या. उपटल्यावर वेल उलटे ठेवून शेंगा वर राहतील असे वाळवा. शेंगेतला ओलावा आठ टक्क्यांपर्यंत उतरल्याशिवाय पोत्यात भरू नका. ओलावामापक घ्या, दाणा कानाजवळ वाजवून आता भागत नाही. फोडणी यंत्रावर टाकण्याआधी दाणे तुटू नयेत म्हणून शेंगांवर पाणी मारण्याची पद्धत आहे. ती तुमच्याकडे असेल तर बंद करा. तुटलेल्या दाण्याने चार पैसे कमी होतील, भिजलेल्या दाण्याने सगळा लॉट जाईल.

कागदांबद्दल थोडक्यात, पण चोख. युरोपसाठीच्या दुसऱ्या परिशिष्टातल्या मालाच्या प्रत्येक खेपेला एक ओळख क्रमांक असतो. तो अहवालावर, प्रमाणपत्रावर आणि प्रत्येक पोत्यावर एकच हवा. प्रमाणपत्र दिल्यापासून चार महिने चालतं, पण प्रयोगशाळेच्या निकालाला सहा महिने होऊन गेले तर त्याआधीच संपतं. जहाज लांबलं, बंदरात गर्दी झाली, तर हे दिवस समुद्रातच सरतात. प्रयोगशाळा आयएसओ १७०२५ मान्यतेची असावी आणि ती मान्यता तुमच्या नेमक्या चाचणीसाठी आहे का ते पाहावं. स्टफिंगच्या, म्हणजे कंटेनर भरण्याच्या, आदल्या दिवशी नियमाची ताजी दुरुस्ती स्वतः उघडून वाचा. एजंट सांगेल, खरेदीदार सांगेल, तरी वाचा. खरेदीच्या करारात हेही लिहून घ्या की माल वाटेत असताना नियम बदलला तर खर्च कोण किती सोसणार. आमच्या गटाच्या करारात हे कलम नव्हतं.

या सगळ्याला ‘गोऱ्यांची अडवणूक’ म्हणणारे बरेच भेटतात. काही वेळा मर्यादांमागे बाजारपेठेचं राजकारण असेलही. पण यादीचा आढावा दोन्ही बाजूंनी चालतो. जिथे सलग नमुने पास होतात तिथे टक्के उतरतात, नाव निघतंही. जुनी यादी तशीच ठेवली तर सुधारलेल्या मालाला उगाच भुर्दंड आणि नव्या धोक्याला मोकळी वाट, असं दोन्ही होईल. म्हणून यादी वेळच्या वेळी बदलणं मला योग्यच वाटतं. माझं भांडण वेगळं आहे. बदल झाला की तो बंदरापर्यंत येतो, निर्यातदारापर्यंत येतो, शेताच्या बांधापर्यंत मात्र पोचत नाही.

त्याहून मोठं भांडण नापास मालाचं. निर्यातीच्या छाननीत बाजूला काढलेला काळपट शेंगदाणा फेकला जात नाही. तो घाण्यावर जातो, पेंड होते, पेंड गाई-म्हशींपुढे येते. जनावराच्या यकृतात अफ्लाटॉक्सिन बी-१ चं एम-१ होतं आणि दुधात उतरतं. दुधासाठी युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मायक्रोग्रॅम, आपली ०.५. परदेशी गिऱ्हाइकाने नाकारलेलं आपण आपल्याच लेकरांच्या पेल्यात ओतणार असू, तर एवढ्या तपासण्या शिकून काय मिळवलं?

म्हणून माझी विनंती आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी एक माणूस याच कामासाठी नेमावा: याद्या वाचायच्या, गावातल्या खळ्यावर सांगायच्या, नापास लॉटची नोंद ठेवायची. निर्यातदारांनी नापास अहवाल दडवू नये, तो त्या गटाला पाठवावा, नाहीतर सुधारणा करायची कशी? आणि बाजूला काढलेला बुरशीचा माल घाण्याला विकू नका, खळ्यावरच नष्ट करा.