आधी बंद करायला शिक

केळझर, ता. सेलू, जि. वर्धा

चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

बुटीबोरीला एक्झॉस्ट आणि ब्लोअरच्या वायरिंगचं काम धरलंस, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. पंखा फिरवायला तू लवकरच शिकशील, पण तो थांबवायची सोय कशी करायची, हे आधी शिकून घे. यंत्र चालू झालं नाही तर कामाचा खोळंबा होतो. थांबायच्या वेळी थांबलं नाही, तर माणूस जातो.

घरच्या कुलरपासूनच बघ. दर उन्हाळ्यात आपल्या विदर्भात कुलरचा शॉक लागून माणसं दगावतात. पत्र्याची बॉडी, टाकीत पाणी, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय. त्यात कोणी स्विच न्यूट्रलवर बसवला, तर बटण दाबल्यावर पंखा थांबतो, पण मोटरीपर्यंत फेज तसाच राहतो. घरची बाई कुलर बंद आहे असं समजून पाणी भरायला जाते. म्हणून स्विच फेजवरच घे. एकट्या न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा स्विच घालायचा नाही, हा 1956 च्या वीज नियमांपासूनचा दंडक आहे. प्लग तीन पिनांचाच लाव आणि पाणी भरण्याआधी तो काढायला घरच्यांना शिकव.

एमसीबी आहे म्हणून निश्चिंत होऊ नकोस. तो जादा करंट आणि शॉर्टसर्किट ओळखतो. माणसाचा जीव घेणारा करंट त्याच्या हिशेबात फार लहान असतो. ती गळती आरसीसीबी ओळखतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या नियमांनी घरगुती जोडणीसाठी त्याची मर्यादा 30 मिलिअँपिअर धरली होती. अर्थिंग चांगलं असेल, तर बॉडीत करंट उतरताच तो पडतो. अर्थिंग नसेल, तर कोणाचा तरी हात लागेपर्यंत तो पडत नाही. त्यामुळे दोन्ही हवेत.

कारखान्यात पुश बटणावर विसंबू नकोस. ते फक्त कॉन्टॅक्टर सोडतं. पॅनलमध्ये तिन्ही फेज जिवंतच असतात आणि खालून कोणीही पुन्हा चालू करू शकतो. ब्लोअर छतावर असेल, तर तिन्ही फेज तोडणारा आयसोलेटर छतावरच, हाताच्या अंतरावर हवा. पट्टा बदलताना त्याला कुलूप घाल आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेव. टेस्टर आधी चालू लाइनवर तपास, मग मोटरीच्या टर्मिनलला लाव. आपल्याकडे लाइट जाते-येते. ती आल्यावर मोटर आपोआप सुटणार नाही, असाच स्टार्टर बसव.

आता आगीचं सांगतो. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि 10 बाळं गेली. त्यातली बहुतेक धुराने गुदमरली. धूर काय करतो, हे त्या रात्री आपल्या विदर्भाने पाहिलं. डक्टमधून हवा फिरत असेल, तर तोच धूर एका खोलीतून दुसरीत जातो. म्हणून धूर ओळखणारं यंत्र जागं होताच एअर हँडलिंग युनिटचा पंखा आपोआप थांबावा, अशी 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेची अपेक्षा आहे. ती जोडणी अशी कर, की मधली तार तुटली तरी पंखा थांबेल. धूर बाहेर ओढणारा पंखा मात्र या साखळीत कधीही घेऊ नकोस. त्याला आगीतही चालायचं असतं. त्याची लाइन वेगळी आणि केबल आग सोसणारी हवी. कोणता पंखा थांबायचा आणि कोणता चालायचा, हे नकाशावर विचारून घेतल्याशिवाय तार ओढू नकोस.

"हे नंतर बघू, आधी चालू करून दे," असं तुला पुष्कळदा ऐकावं लागेल. नम्रपणे नाही म्हण. तारतंत्रीचा परवाना काढ आणि तो मिळेपर्यंत परवानाधारकाच्या देखरेखीखालीच काम कर. काम सोपवताना मालकासमोर आधी सगळं बंद करून दाखव: आयसोलेटर, आरसीसीबीचं टेस्ट बटण, धुराची साखळी. यातलं एकही चुकलं, तर कागदावर सही करू नकोस.

तुझा,
मामा